दारू, गर्द, एमडी: व्यसन सुटता सुटत का नाही आणि सुटण्यासाठी काय करावं लागतं?

"मनात आणलं तर उद्यापासून सोडेन." व्यसनात अडकलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य नेहमी असतं आणि प्रत्येक वेळी तो खोटंच बोलत असतो असं नाही. अनेक जण खरंच सोडतात. कुणी श्रावणात महिनाभर पीत नाही, कुणी माळ घालतो, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. काही दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी पुन्हा सुरू होतं आणि घरचे म्हणतात, "याच्यात इच्छाशक्तीच नाही."

वैद्यकशास्त्र याकडे वेगळ्या नजरेनं पाहतं. नशा थांबवणं ही एक गोष्ट आहे आणि थांबलेली नशा वर्षानुवर्षं थांबलेलीच ठेवणं ही दुसरी. पहिल्या गोष्टीला काही दिवस लागतात. दुसरीला औषधं, समुपदेशन, कुटुंब आणि बराच काळ लागतो. हा फरक लक्षात न आल्यामुळे माणसाला घरात कोंडणं, चोरून औषध पाजणं, लग्न लावून देणं असे उपाय केले जातात. यातले काही उपाय जीवावरही बेतू शकतात.

भारतात हा प्रश्न किती मोठा आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय व्यसनमुक्ती उपचार केंद्रानं देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वयोगटातल्या लोकांच्या या पाहणीतले काही आकडे असे:

- सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. हे प्रमाण १४.६ टक्के आहे.
- ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. त्यातले सुमारे २.९ कोटी लोक दारूवर पूर्ण अवलंबून आहेत.
- सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात.
- सुमारे २.२६ कोटी लोक अफू, हेरॉइन किंवा त्या गटातली औषधं नशेसाठी वापरतात.
- सुमारे ८.५ लाख लोक इंजेक्शननं नशा करतात.

याच अहवालातला आणखी एक आकडा क्वचितच चर्चेत येतो. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा उपचार मिळाला होता. म्हणजे ज्यांना उपचारांची गरज आहे, त्यातले बहुतेक लोक डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत.

कधीतरी घेणं आणि व्यसन यात फरक काय?

माणूस किती पितो किंवा किती वर्षांपासून घेतो, एवढ्यावरून व्यसन ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-१०' या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी सहा लक्षणं दिली आहेत. त्यातली तीन किंवा अधिक लक्षणं गेल्या वर्षभरात एकत्र दिसली, तर त्या अवस्थेला अवलंबित्व म्हणतात.

१. नशेची अनावर तलफ येणं.
२. कधी सुरू करायचं, किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं यावर ताबा न राहणं. 'एकच पेग' म्हणून बसलेला माणूस बाटली संपवून उठतो.
३. नशा बंद केली की शारीरिक त्रास होणं. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते.
४. पूर्वीच्या मात्रेनं भागत नाही म्हणून मात्रा वाढवत जाणं.
५. नशेपायी बाकीच्या आवडीनिवडी, नाती आणि कामं मागे पडणं.
६. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही सुरूच ठेवणं.

"मी रोज पीत नाही, फक्त शनिवारी पितो" किंवा "माझी नोकरी व्यवस्थित चालू आहे" या कारणांनी व्यसन नाही असं म्हणता येत नाही. नोकरी जाण्याची वेळ सहसा सगळ्यात शेवटी येते. त्याआधी झोप, पैसा, खरं बोलणं आणि घरातला विश्वास या गोष्टी गेलेल्या असतात.

मेंदूत नेमकं काय होतं?

भूक लागल्यावर जेवण मिळालं, तहान लागल्यावर पाणी मिळालं, कुणी कौतुक केलं की मेंदूतल्या एका यंत्रणेत डोपामाइन हे रसायन स्रवतं. 'हे जगण्यासाठी महत्त्वाचं आहे, पुन्हा कर' असा तो निरोप असतो. १९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूतल्या काही ठरावीक भागांत विजेच्या तारा बसवल्या. पट्टी दाबली की तिथे सौम्य विद्युतप्रवाह जायचा. उंदीर ती पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मेंदूतल्या या 'बक्षीस यंत्रणे'च्या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली.

दारू, हेरॉइन, एमडी, निकोटीन यांचे परिणाम वेगवेगळे असले, तरी हे सगळे पदार्थ या यंत्रणेवर थेट काम करतात. जेवणानं किंवा कौतुकानं जेवढं डोपामाइन स्रवतं, त्याहून खूप जास्त आणि खूप लवकर ते नशेनं स्रवतं. मेंदू या भडिमाराशी जुळवून घ्यायला स्वतःची संवेदनशीलता कमी करतो. त्याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे तेवढ्याच नशेसाठी जास्त मात्रा लागते. दुसरा म्हणजे मुलाचं हसणं, आवडतं जेवण, क्रिकेटची मॅच अशा साध्या गोष्टींतला आनंद फिका पडतो. पुढे पुढे माणूस मजेसाठी घेत नाही. नॉर्मल वाटावं, हात थरथरू नयेत एवढ्यासाठी घेतो.

तिसरा बदल आठवणींशी जोडलेला आहे. १९९०च्या दशकात वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. माकडांना अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की त्यांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी सक्रिय व्हायच्या. रसाच्या आधी ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केल्यावर काही काळानं रस मिळताना या पेशी शांत राहू लागल्या आणि खूण दिसताच सक्रिय होऊ लागल्या. माणसाच्या बाबतीतही असंच घडतं. ठरावीक बारची पाटी, पगाराचा दिवस, जुन्या मित्राचा फोन, चिलीम भरण्याचा वास यांपैकी कशानंही तलफ उसळू शकते. नशा थांबून सहा महिने झाले तरी मेंदूनं या खुणा साठवून ठेवलेल्या असतात. म्हणून शरीरातून दारू पूर्ण गेलेली असतानाही माणूस पुन्हा घसरतो.

परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. त्यामुळे नशेची सुरुवात जितक्या लहान वयात होते, तितका धोका जास्त. १९९०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आधी दारू सुरू केलेल्यांमध्ये पुढे व्यसन लागण्याचं प्रमाण विशीनंतर सुरू केलेल्यांच्या सुमारे चौपट आढळलं.

मग सगळ्यांनाच व्यसन का लागत नाही?

एकाच कट्ट्यावर बसणाऱ्या पाच मित्रांपैकी एकच अडकतो, बाकीचे सुटतात, असं अनेकदा दिसतं. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, ढोबळमानानं निम्मा मानला जातो. उरलेल्या निम्म्यात वय, लहानपणीचे आघात, नैराश्य किंवा चिंतेसारखे आजार, पदार्थ किती सहज मिळतो आणि भोवतालची माणसं कशी आहेत या गोष्टी येतात.

परिस्थिती बदलल्यानं काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. तिथे अमेरिकी सैनिकांना स्वस्त आणि शुद्ध हेरॉइन मिळत होतं. संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. जवळपास २० टक्के सैनिक तिथे असताना व्यसनाधीन झाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. पण त्यांच्यापैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेल्यांचं प्रमाण फक्त ५ टक्क्यांच्या आसपास निघालं. युद्ध, भीती, कंटाळा आणि सहज मिळणारं हेरॉइन हे सगळं मागे राहिलं होतं.

याचा उलटा अर्थही महत्त्वाचा आहे. उपचार घेऊन आलेला माणूस त्याच खोलीत, त्याच मित्रांमध्ये, त्याच बेकारीत परतला, तर फक्त त्याच्या निश्चयावर भरवसा ठेवणं पुरेसं नसतं.

कोणता पदार्थ काय करतो?

*दारू:* देशी असो, विदेशी असो की बिअर, त्यातला नशा आणणारा पदार्थ एकच असतो, तो म्हणजे इथेनॉल. फरक असतो तो प्रमाणाचा. दारूमुळे यकृत, स्वादुपिंड, हृदय आणि मज्जातंतूंना इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दारूला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळलं गेलं तर दृष्टी जाते किंवा मृत्यू ओढवतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा विषारी दारूनं शंभरहून अधिक बळी घेतले.

*तंबाखू:* मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी, सिगारेट या सगळ्यांत निकोटीन असतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. नशा चढलेली दिसत नाही, म्हणून तंबाखू घरात खपून जाते. तोंडाच्या कर्करोगाचं ते एक मुख्य कारण आहे.

*गांजा, चरस, भांग:* हे तिन्ही एकाच झाडापासून मिळतात. "गांजा नैसर्गिक आहे, त्याचं व्यसन लागत नाही" हा समज चुकीचा आहे. घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एक जण अवलंबित्वाकडे जातो. लहान वयात आणि रोज घेणाऱ्यांमध्ये भास होणं, संशय येणं अशा मानसिक आजारांचा धोका वाढतो.

*गर्द किंवा ब्राऊन शुगर:* हे हेरॉइनचं अशुद्ध रूप आहे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ते पसरलं. 'बायर' या जर्मन कंपनीनं १८९८ मध्ये हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं, यावर आज विश्वास बसणार नाही. गर्द बंद झाल्यावर अंग मोडून येणं, नाक-डोळे वाहणं, जुलाब, पोटात कळा असा त्रास होतो. महाराष्ट्रात व्यसनी मंडळी त्याला 'टर्की' म्हणतात. टर्की भयंकर वाटते, पण एरवी तब्येत ठीक असलेल्या माणसाच्या जीवावर ती क्वचितच बेतते. जास्त मात्रा मात्र श्वास बंद पाडून जीव घेते.

*एमडी किंवा म्याऊ म्याऊ:* याचं रासायनिक नाव मेफेड्रोन. ही पूर्णपणे कारखान्यात बनणारी पावडर आहे. भारतात २०१५ मध्ये तिचा अमली पदार्थांच्या कायद्यात समावेश झाला. ती फक्त परदेशातून येते असं नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एमडी बनवणाऱ्या कारखान्यांवर छापे टाकले. एमडीनं झोप आणि भूक उडते, हृदयाचे ठोके वाढतात, संशयीपणा आणि चिडचिड वाढते. नशा लवकर उतरत असल्यानं एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाते.

*गोळ्या आणि कफ सिरप:* झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचाही नशेसाठी वापर होतो. मालेगावमध्ये 'कुत्ता गोळी' म्हणून ओळखली जाणारी गोळी अल्प्राझोलामची असते. मेडिकलच्या दुकानात मिळते म्हणजे सुरक्षित आहे, असा समज यामागे असतो.

*व्हाइटनर, थिनर, सोल्युशन:* रुमालावर घेऊन हुंगण्याचे हे पदार्थ स्वस्त असल्यानं मुलांच्या हाती लवकर लागतात. वर उल्लेख केलेल्या २०१९च्या अहवालात, मुलांमध्ये यांचा वापर मोठ्यांपेक्षा जास्त आढळला. मुलांमध्ये तो १.१७ टक्के होता, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के. पहिल्याच वेळी हृदयाची लय बिघडून मृत्यू झाल्याच्याही घटना जगभरात नोंदल्या गेल्या आहेत.

चार गैरसमज, जे महागात पडतात

*गैरसमज १: "खोलीत कोंडा, चार दिवसांत दारू सुटेल."*

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडणं जीवघेणं ठरू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते बारा तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेले किडे, माणसं दिसू लागतात, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. डॉक्टर याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि त्यावर उपचार झाले नाहीत तर मृत्यू होऊ शकतो. झोपेच्या गोळ्या अनेक महिने घेणाऱ्यांनाही त्या अचानक बंद केल्यावर फिट येण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि 'बी-१' जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो.

*गैरसमज २: "त्याच्या नकळत जेवणातून औषध द्या."*

'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. अशा पुड्यांमध्ये नेमकं काय आहे, हे अनेकदा लिहिलेलंच नसतं. दारू सोडवण्यासाठी वापरलं जाणारं एक जुनं औषध म्हणजे डायसल्फिराम. दारूच्या उपचारातला त्याचा उपयोग १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये समोर आला. ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड हा विषारी घटक साचतो. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब घसरतो. हृदयाचा आजार असलेल्या माणसाचा जीवही जाऊ शकतो. म्हणूनच हे औषध तपासण्या करून, रुग्णाला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. चोरून दिल्यास माणूस नेहमीसारखा बारमध्ये जातो आणि काय घडतंय हे त्याला कळतही नाही.

*गैरसमज ३: "लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल."*

मेंदूतले बदल लग्नाच्या अक्षतांनी पुसले जात नाहीत. जबाबदारीचा ताण वाढतो आणि एका माणसाच्या आजाराची झळ आता आणखी एका व्यक्तीला, पुढे मुलांनाही बसते. आधी उपचार, मग काही काळ स्थिर राहणं, आणि लग्न ठरलंच तर समोरच्या कुटुंबाला पूर्ण कल्पना देणं, हा क्रम सगळ्यांच्याच हिताचा आहे.

*गैरसमज ४: "पुन्हा प्यायला, म्हणजे उपचार वाया गेले."*

अमेरिकेतल्या संशोधनानुसार व्यसनाच्या उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांमध्येही आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाण तेवढंच किंवा थोडं जास्तच आहे. रक्तदाब वाढला म्हणून कुणी 'गोळ्यांचा उपयोग नाही' असं म्हणत नाही, औषध बदललं जातं. व्यसनातही घसरण झाली की कुठे चुकलं ते शोधून लगेच उपचार सुरू करायचे असतात.

गर्दच्या बाबतीत इथे एक मोठा धोका आहे. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आलेला माणूस जुनीच मात्रा घेतो आणि ती त्याच्यासाठी जीवघेणी ठरते.

उपचार कसे होतात?

पहिला टप्पा शरीरातून नशा उतरवण्याचा. तो साधारण आठवडा ते दोन आठवडे चालतो. अनेक कुटुंबं इथेच थांबतात, कारण माणूस 'बरा' दिसू लागलेला असतो. खरं काम मात्र इथून पुढे सुरू होतं.

दुसरा टप्पा समुपदेशनाचा. तलफ कशामुळे येते, पार्टीत नाही कसं म्हणायचं, राग आणि रिकामा वेळ कसा हाताळायचा, हे शिकावं लागतं. तलफ ही लाटेसारखी असते. ती चढते आणि बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ फोन करणं, चालायला जाणं, काहीतरी खाणं उपयोगी पडतं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळायला व्यसनमुक्ती केंद्रांत आवर्जून शिकवलं जातं.

तिसरा भाग औषधांचा. दारूची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं आहेत. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. "एक नशा सोडवून दुसरी लावली" अशी टीका त्यावर होते. पण या औषधानं तलफ आणि टर्की आटोक्यात राहते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ शकतो आणि जास्त मात्रेनं मृत्यू होण्याचा धोका कमी होतो. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातूनही हे उपचार दिले जातात, कारण एकच सुई अनेकांनी वापरल्यानं एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतो.

चौथा भाग सोबतीचा. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' अर्थात एएच्या सभा आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मराठीतून होतात. तिथे फी नसते, आडनाव विचारलं जात नाही आणि 'फक्त आजचा दिवस' एवढंच ध्येय ठेवलं जातं.

महाराष्ट्रात या कामाला वेगळी ओळख दिली ती पुण्याच्या 'मुक्तांगण'नं. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेखन केलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला. त्यातून १९८६ मध्ये डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी हे केंद्र सुरू केलं. व्यसनी माणसाला मारहाण न करता, आदरानं वागवून उपचार देता येतात आणि बरे झालेले रुग्ण इतरांना उभं करू शकतात, हे अशा केंद्रांनी दाखवून दिलं.

कुटुंबानं काय करावं?

- नशा उतरलेली असताना बोलावं. प्यायलेल्या माणसाशी वाद घालून काही साध्य होत नाही.
- 'बेवडा', 'गर्दुल्ला' असे शब्द टाळून घडलेल्या गोष्टी सांगाव्यात. "तू वाया गेलास" यापेक्षा "मंगळवारी तू मुलीला शाळेतून आणायला विसरलास" हे जास्त पोहोचतं.
- नशेचे परिणाम झाकू नयेत. साहेबांना खोटी कारणं सांगणं, उधारी फेडणं, पुन्हा पुन्हा पैसे देणं यामुळे माणसाला मदतीची गरजच वाटेनाशी होते.
- धमकी द्यायची तर पाळता येईल अशीच द्यावी.
- मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षा बघावी. व्यसन हा आजार असला तरी हिंसा सहन करणं हा त्यावरचा उपचार नाही.
- माणूस उपचाराला तयार नसला तरी कुटुंबीयांनी स्वतः समुपदेशकाला भेटावं. घरच्यांची वागण्याची पद्धत बदलली की अनेकदा तोही तयार होतो.

कुणी नशेत बेशुद्ध असेल, श्वास मंद किंवा घरघर येत असेल, ओठ निळे पडले असतील, तर झोपू देणं धोक्याचं आहे. १०८ ला फोन करून त्याला कुशीवर वळवावं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. लिंबूपाणी, दही पाजू नये. काय घेतलं होतं ते डॉक्टरांना खरं सांगावं. गर्दच्या जास्त मात्रेवर नालोक्सोन हे औषध वेळेत मिळालं तर श्वास परत सुरू होतो.

उपचार घेतले तर पोलीस पकडतील का?

या भीतीनं अनेक जण मागे राहतात. १९८५च्या एनडीपीएस कायद्यानुसार अमली पदार्थ जवळ बाळगणं आणि सेवन करणं दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा पदार्थ आणि प्रमाणावर ठरते. हेरॉइनचं ५ ग्रॅमपर्यंतचं आणि गांजाचं एक किलोपर्यंतचं प्रमाण 'अल्प' मानलं जातं. व्यापारी प्रमाण सापडलं तर १० ते २० वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते.

याच कायद्याचं कलम ६४-अ मात्र वेगळं सांगतं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जाऊ शकतं. फक्त डॉक्टरकडे व्यसनाबद्दल बोलायला गेल्यानं गुन्हा दाखल होत नाही.

केंद्र निवडताना काय पाहावं?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक स्थिती 'मानसिक आजारा'च्या व्याख्येत येते. त्यामुळे अशा रुग्णालाही कायद्यानं हक्क आहेत. रुग्णाला साखळदंडानं बांधणं कोणत्याही स्वरूपात बेकायदा आहे.

- केंद्राची नोंदणी आहे का, हे कागद मागून पाहावं.
- मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का आणि किती दिवसांनी, हे विचारावं.
- कुटुंबाला भेटू आणि बोलू दिलं जातं का?
- घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याची सोय काय आहे?
- 'शंभर टक्के खात्री' देणाऱ्या, माणसाला रात्रीतून उचलून नेणाऱ्या किंवा मारहाणीला शिस्त म्हणणाऱ्या ठिकाणांपासून दूर राहावं.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ या दोन्ही मोफत आहेत. फोन रुग्णानंच करायला हवा असं नाही. आई, पत्नी, भाऊ, मित्र, कुणीही करू शकतं. फोन करताना कोणता पदार्थ, रोज साधारण किती, किती वर्षांपासून आणि शेवटचा कधी घेतला, एवढ्या चार गोष्टी लिहून हाताशी ठेवाव्यात. पुढचा सल्ला बराचसा त्यावरच ठरतो.